मेटल डिटेक्टरचा ग्राउंड बॅलन्स आणि अचूक पिनपॉइंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नल खणखणीत येतो, वस्तूची नेमकी जागा सांगणारं पिनपॉइंटचं बटण दाबून खूण केली जाते आणि खणल्यावर वस्तू वीतभर बाजूला निघते. कधी निघतच नाही. अशा वेळी लोक बटणाला, कॉइलला (दांड्याच्या टोकाची तबकडी) नाहीतर विकणाऱ्याला दोष देतात. माझं मत वेगळं आहे : आपल्याकडच्या जमिनीत चुकलेल्या पिनपॉइंटचं मूळ बहुतेकदा न केलेल्या किंवा अर्धवट केलेल्या ग्राउंड बॅलन्समध्ये असतं. शेतात पडलेली अंगठी, नांगराचा तुटलेला फाळ, मातीखाली गेलेलं व्हॉल्व्हचं झाकण अशा गोष्टी शोधणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. गुप्तधनवाल्यांसाठीही एक प्रश्न खाली आहे, तोही वाचावा.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीन नेमकं काय करतं?

साधारण सगळी छंदाची मशीन व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या प्रकारची असतात. कॉइल जमिनीत काही हजार हर्ट्झचं बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातूत त्यामुळे भोवरा-प्रवाह तयार होतात आणि त्यांचा प्रतिसाद किंचित उशिरा परत येतो. या उशिराला फेज म्हणतात. मातीतले मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट हे लोहखनिजांचे बारीक कणही प्रतिसाद देतात, पण त्यांची फेज वेगळी असते. ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीनला सांगणं की या जागेच्या मातीची फेज ही, हिला शून्य धर. तराजूत काही ठेवण्याआधी पासंग काढतात, तसंच हे. पासंग न काढता तोललं तर वजन येतं, पण ते खरं नसतं.

यामुळे मशीनची ताकद वाढत नाही. माती गोंगाट करत होती, ती गप्प होते, आणि त्याखालचा बारीक आवाज ऐकू येतो.

पण माझं मशीन चालताना शांत असतं. मग पिनपॉइंट करतानाच का फसतं?

हाच कळीचा प्रश्न आहे आणि मॅन्युअलमध्ये याचं उत्तर सहसा नसतं.

नेहमीच्या शोधात मशीन 'मोशन' पद्धतीने चालतं. कॉइल हलत राहिली तरच ते बोलतं, कारण आतली गाळणी सावकाश बदलणारे सिग्नल कापून टाकते. मातीचा सिग्नल सावकाशच बदलतो, त्यामुळे बॅलन्स थोडा चुकलेला असला तरी ही गाळणी ती चूक झाकते.

पिनपॉइंटचं बटण दाबलं की बहुतेक मशीन ती गाळणी बाजूला ठेवतं. कॉइल स्थिर असतानाही आवाज यावा म्हणून हे करावंच लागतं. बटण दाबलं त्या क्षणी जो सिग्नल आहे तो शून्य, आणि त्यात जी वाढ होईल ती 'टार्गेट', असा मशीनचा सरळ हिशेब असतो. आता बॅलन्स चुकलेला असेल, तर कॉइल एक इंच खाली गेली तरी आवाज चढतो, वर गेली तरी बदलतो. ढेकूळ, सरी, बैलाच्या खुराचा खड्डा, सगळं टार्गेटसारखं ऐकू येतं. वस्तूचा खरा आवाज आणि मातीचा खोटा आवाज यांची बेरीज होते आणि सर्वात मोठा आवाज वस्तूच्या डोक्यावर न येता मातीच्या उंचवट्याकडे सरकतो. तुम्ही तिथे खणता.

आपल्याकडच्या जमिनीतच एवढा त्रास का?

कारण महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. त्यात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट असतं, आणि तो झिजून झालेल्या काळ्या मातीत आणि मुरमातही ते उतरतं. चुंबक दोरीला बांधून ओढ्याच्या वाळूतून फिरवा, काळी मिशी लागते ती हीच. नागपूरच्या पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे मूळ खडक वेगळा आहे, तिथे तेच मशीन पुष्कळदा शहाण्यासारखं वागतं.

कोकणात आणि गोव्यात गोष्ट आणखी वाईट. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं साठून झालेला खडक. त्यातलं मॅघेमाइट इतक्या बारीक कणांचं असतं की त्याचा प्रतिसादही किंचित उशिराने येतो, धातूसारखा. म्हणून जांभ्याच्या सड्यावर मशीन ओरडतं. सुरुंग काढणाऱ्या पथकांनाही अशा तांबड्या मातीचा त्रास होतो; कंबोडियातल्या जांभ्यात साधे डिटेक्टर चालत नाहीत, जमिनीची भरपाई करणारेच लागतात.

भाजलेली माती हा तिसरा प्रकार. उष्णतेने साधी लोहऑक्साइडं जास्त चुंबकीय होतात. म्हणून जुन्या चुलीची जागा, वीटभट्टीचं आवार, राब भाजलेला तुकडा, कौलांचे आणि विटांचे तुकडे हे सगळे सिग्नल देतात. पडक्या घराच्या जोत्याभोवती शोधताना हे लक्षात ठेवलं तर निम्मी खणाखणी वाचते.

माझ्या मशीनला ग्राउंड बॅलन्स आहे का?

गॅरेट एस २५० सारख्या सुरुवातीच्या मशीनमध्ये तो कारखान्यातच ठरवलेला असतो, बदलता येत नाही. गॅरेट एटी प्रो, फिशर एफ ७५, नोकटा सिम्प्लेक्स, मिनलॅब इक्विनॉक्स यांत तो आपल्याला करता येतो. ठरावीक बॅलन्सचं मशीन असेल तर हातात दोन उपाय उरतात : सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) कमी करा आणि पिनपॉइंट करताना कॉइलची उंची अजिबात बदलू देऊ नका. काळ्या मातीत हे चालून जातं. जांभ्यावर मात्र असलं मशीन घेऊन जाण्यात अर्थ नाही, स्पष्टच सांगतो.

ग्राउंड बॅलन्स नीट करायचा कसा?

आधी जागा निवडा. हातभर लांब-रुंद, खाली धातू नाही अशी जागा हवी. सगळे धातू ऐकवणाऱ्या मोडमध्ये तिथे दोन दिशांनी कॉइल फिरवा. काही वाजलं तर पुढे सरका. पायात लोखंडी टोकाचे बूट असतील, कुदळ शेजारी पडली असेल, कॉइल धरणाऱ्या हातात कडं असेल, तर ते आधी दूर करा.

मग ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून वर-खाली करा. वर साधारण फूटभर, खाली दोन इंचांपर्यंत. जमिनीवर आपटू नका आणि वर जाताना टोक उचलू नका. कोपरातून हात हलवला की कॉइल तिरकी होते; दांडा अंगाजवळ घेऊन खांद्यातून हलवा. पाच-सहा वेळा केल्यावर पडद्यावरचा बॅलन्सचा आकडा स्थिरावतो आणि वर-खाली केलं तरी आवाज सारखा राहतो. बटण सोडा.

आता तपासणी, जी कोणी करत नाही. त्याच जागी पिनपॉइंटचं बटण दाबा आणि कॉइल दोन-तीन इंच वर-खाली करा. आवाज जवळजवळ हलला नाही, तर बॅलन्स झाला. हलला, तर पुन्हा करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मशीन गाडीच्या एसीतून थेट उन्हात काढलं असेल तर थोडा वेळ थांबून मगच बॅलन्स करा. कॉइल तापताना सिग्नल हळूहळू सरकतो आणि तो पिनपॉइंटमध्येच आधी जाणवतो.

आकडा किती यायला हवा?

'बरोबर आकडा' असं काही नसतं. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी. इक्विनॉक्सची उणे ९ ते ९९, तर फिशर एफ ७५ ची शून्य ते ९९, आणि त्यात लोहखनिजाची माती वरच्या टोकाकडे, खारं पाणी खालच्या टोकाकडे दिसतं. दुसऱ्याचा आकडा उचलून स्वतःच्या मशीनला लावू नका.

आणखी एक गैरसमज : आकडा मोठा म्हणजे खनिज जास्त, असं नाही. आकडा मातीचा प्रकार सांगतो, प्रमाण नाही. एफ ७५ वर प्रमाणासाठी वेगळी पट्टी आहे, मॅग्नेटाइटच्या रासायनिक सूत्राच्या नावाची. ज्या मशीनला ती नाही, त्यात कान वापरा.

मात्र एकाच शेतात तीन ठिकाणी ८० च्या घरात आकडा आला आणि चौथ्या ठिकाणी एकदम ३५, तर तिथे बहुतेक खाली धातू आहे. तो आकडा टाकून द्या. खिळ्यांनी भरलेल्या वाडीत स्वच्छ जागाच मिळत नाही, तिथे चार-पाच ठिकाणी करून जो आकडा पुन्हा पुन्हा येतो तो हाताने लावा.

बरोबर शून्यावर ठेवू की थोडा पॉझिटिव्ह?

कॉइल खाली नेताना आवाज किंचित चढत असेल तर बॅलन्स पॉझिटिव्ह, वर उचलताना चढत असेल तर निगेटिव्ह. शोध घेताना मी किंचित पॉझिटिव्ह ठेवतो. बारीक सोन्याची फेज मातीच्या फेजजवळ असते आणि बॅलन्स निगेटिव्हकडे घसरला की पहिला बळी तिचा जातो. पण अचूक पिनपॉइंट हवा असेल, विशेषतः ओबडधोबड नांगरटीत, तर शक्य तितका सपाट बॅलन्स बरा. निगेटिव्ह जाणूनबुजून ठेवू नका.

ट्रॅकिंग, म्हणजे चालता चालता बॅलन्स जुळवत राहणारी सोय, चालू ठेवलं तर हे सगळं आपोआप होत नाही का?

होतं, आणि जमीन पावलागणिक बदलत असेल तर ते उपयोगीही आहे. पण एकाच जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवली की ट्रॅकिंग त्या टार्गेटलाच माती समजायला लागतं. पहिल्या फेरीला खणखणीत असलेला आवाज सहाव्या फेरीला मेल्यासारखा येतो, तो यामुळे. टार्गेट सापडलं की ट्रॅकिंग बंद करा किंवा आकडा लॉक करा, नाहीतर दोन हात बाजूला सरकून मशीनला मातीची आठवण करून द्या आणि परत या.

पिनपॉइंटची खरी पद्धत काय?

बटण टार्गेटच्या डोक्यावर दाबू नका. वीतभर बाजूला, शोधताना होती त्याच उंचीवर कॉइल धरा, तिथे दाबा, आणि मग टार्गेटवर आणा. मशीनने स्वच्छ मातीला शून्य धरलं पाहिजे.

पुढे कॉइलच्या प्रकारावर अवलंबून आहे. कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक दोन गोल वेटोळ्यांच्या कॉइलमध्ये, सर्वात मोठा आवाज मध्याखाली येतो. डीडी, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारख्या दोन वेटोळ्यांच्या कॉइलमध्ये, जी आता बहुतेक मशीनबरोबर येते, संवेदनशील भाग म्हणजे पुढून मागे जाणारी एक अरुंद पट्टी असते. डावी-उजवीकडे ती फार अचूक सांगते, पुढे-मागे मात्र ढिली असते. म्हणून एकदा आडवी फेरी मारून रेघ ठरवा, स्वतः ९० अंशात फिरून उभे राहा, पुन्हा आडवी फेरी मारा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे वस्तू. हे न करता फक्त कॉइलच्या भोकातून बघून खूण करणं हे डीडीवाल्यांच्या वीतभर चुकीचं ठरलेलं कारण आहे.

दुसरी रीत बटणाशिवायची. शोध मोडमध्येच कॉइल टार्गेटवर बारीक डोलवत स्वतःकडे मागे ओढत या. आवाज तुटतो तिथे वस्तू कॉइलच्या टोकाच्या जरा पुढे असते. खनिजांनी भरलेल्या जमिनीत मी हीच रीत जास्त वापरतो, कारण इथे मोशनची गाळणी चालूच राहते आणि बॅलन्सची लहान चूक झाकली जाते.

टार्गेट मोठं वाटत असेल तर आवाजाच्या कडेवर बटण सोडून पुन्हा दाबा. तेवढा सिग्नल शून्य धरला जातो आणि उरलेला आवाज लहान वर्तुळात आकसतो. दोनदापेक्षा जास्त केलं तर टार्गेटच नाहीसं होतं.

वस्तूचा आकारही फसवतो. आडवा पडलेला लांब खिळा दोन टोकांना दोन आवाज देऊ शकतो. उभं गाडलेलं नाणंही कधी दोन बाजूंना वाजतं आणि मध्ये गप्प. दोन सारखे आवाज आले तर मध्ये खणा.

मंगळसूत्र शोधायचंय. साखळी का वाजत नाही?

कारण मशीनला अखंड साखळी दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते, आणि प्रत्येक कडी फारच लहान. वाजतात त्या वाट्या. म्हणजे पिनपॉइंट वाट्यांवर येणार आणि बाकीचं मंगळसूत्र तिथून कुठल्याही दिशेला पसरलेलं असणार. कुदळ अजिबात चालवू नका, खुरप्याने माती मोकळी करा. हरवल्याला आठवडा झाला असेल आणि मध्ये कोळपणी झाली असेल, तर दोन वाट्या दोन ठिकाणी वाजतील.

खणायला लागल्यावर सिग्नल जागा का बदलतो?

खड्डा म्हणजे मातीची अनुपस्थिती आणि शेजारचा ढीग म्हणजे जास्तीची माती. बॅलन्स चुकलेला असेल तर कॉइल खड्ड्यावरून ढिगावर जाताना उंची बदलल्यासारखाच परिणाम होतो. पॉझिटिव्ह असेल तर ढीग वाजतो, निगेटिव्ह असेल तर खड्डाच वाजतो, आणि माणूस रिकामा खड्डा खोल करत बसतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातही मोठ्या भेगेवर असंच होतं. उपाय : ढीग कॉइलच्या टप्प्याबाहेर, प्लास्टिकच्या कागदावर टाका आणि वस्तू ढिगात आहे की खड्ड्यात, हे दोन्ही वेगवेगळे तपासा.

कॉइल जमिनीला घासत फिरवावी का?

साध्या मातीत जवळ धरावी. लहान वस्तूचा प्रतिसाद अंतराबरोबर भयंकर वेगाने घटतो. कॉइलच्या आकारापेक्षा बरंच जास्त अंतर असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर प्रतिसाद सुमारे चौसष्टाव्या भागावर येतो. मातीचा सिग्नल इतक्या वेगाने घटत नाही. पण जांभ्यावर मशीन 'ओव्हरलोड', म्हणजे सिग्नल झेपत नाही असं, दाखवत असेल तर इंचभर उचलून चालवलेलं बरं.

किनाऱ्यावर बॅलन्स टिकत का नाही?

कारण तिथे दोन शत्रू एकत्र असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची काळी वाळू आहे, मॅग्नेटाइटही असतं. ओल्या पट्ट्यात खारं पाणी वीज वाहून नेतं आणि त्याची फेज लोहखनिजापेक्षा अगदी निराळी. एका फ्रिक्वेन्सीचं मशीन एका वेळी एकालाच गप्प करू शकतं. इक्विनॉक्ससारखं अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारं मशीन आणि त्याचा बीच मोड इथे पैसे वसूल करतो.

एकाच फ्रिक्वेन्सीचं असेल तर लाटांना समांतर चाला. पाण्याकडे आणि पाण्यापासून दूर अशा फेऱ्या मारल्या की दर पावलाला ओल बदलते. कोरड्या वाळूचा बॅलन्स ओल्यात चालत नाही, पट्टा बदलला की पुन्हा करा. आणि लाट कॉइलवरून जात असताना पिनपॉइंट करू नका.

बॅलन्स करूनही काही दगड वाजतातच. का?

आजूबाजूच्या मातीपेक्षा ज्या दगडात खनिज वेगळं किंवा जास्त, तो वाजतो. त्याला हॉट रॉक म्हणतात. कॉइल वर उचलली की आवाज झटकन मरतो, आणि पिनपॉइंट बऱ्याचदा पसरट येतो. संशय आला तर बुटाने दगड हलवा आणि पुन्हा ऐका. एका दगडासाठी बॅलन्स बदलू नका.

हा गोंगाट मातीचा की विजेचा?

कॉइल कमरेएवढी उचलून स्थिर धरा. तरीही कटकट चालू असेल तर माती निर्दोष आहे. वरून गेलेली महावितरणची तार, बोअरच्या मोटरची केबल, झटका कुंपण किंवा खिशातला मोबाइल बघा. फ्रिक्वेन्सी किंवा चॅनेल बदलता येत असेल तर बदला, नाहीतर सेन्सिटिव्हिटी उतरवा.

हातातला पिनपॉइंटर घ्यावा का?

घ्यावा, कॉइलच्या पुढच्या मॉडेलआधी घ्यावा. मोठ्या कॉइलने हाताच्या पंजाएवढी जागा ठरवायची, पुढचं काम याचं. तांबड्या मातीत तोही वाजतो. गॅरेट प्रो-पॉइंटर एटीसारख्या पिनपॉइंटरमध्ये टोक मातीला टेकवून बटण झटकन दाबलं की तो त्या मातीला शून्य धरतो. थोडी खोली जाते, खोटा आवाजही जातो.

पल्स इंडक्शन, म्हणजे सलग क्षेत्राऐवजी तुटक झटके सोडणारं मशीन घेतलं तर ही कटकट संपेल?

बरीच कमी होईल. ऑस्ट्रेलियातले सोनं शोधणारे मिनलॅब जीपीएक्स ५००० सारखी मशीन त्यासाठीच वापरतात. पण लोखंड ओळखून गाळण्यात ही मशीन कमकुवत असतात. आपल्या शेतात गावाचे खिळे, नाल आणि तारा आहेत. प्रत्येकासाठी खणायची तयारी असेल तर घ्या.

आठ-दहा मीटर खोलचं सोनं दाखवणारं यंत्र मिळतं म्हणे?

पैसे वाचवा. साध्या कॉइलला नाणं वीतभर खोलीवर मिळालं तरी पुष्कळ, आणि जांभ्यात तेवढंही नाही. दोन पेट्यांची खोल शोधणारी यंत्रं खरी असतात, पण त्यांना हंडा, पाइप असलं मोठं काहीतरी लागतं, आणि ती सोनं-लोखंड असा निवाडा देत नाहीत. अँटेना फिरवून दूरवरचं सोनं 'दाखवणाऱ्या' यंत्रांत मोजण्यासारखं काही नसतं.

सापडलेली जुनी वस्तू ठेवता येते का?

भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे, म्हणून गड-किल्ल्यांवर मशीन नेऊच नका. खासगी शेतात मालकाची परवानगी लेखी घ्या. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. निधीत मोडणारी वस्तू १४ दिवसांत कळवायची असते, आणि प्रत्यक्ष काम स्थानिक फाइंड्स लायझन ऑफिसरमार्फत (सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारा अधिकारी) सोपं जातं.

पावसानंतर बॅलन्स पुन्हा करावा लागतो का?

हो. ओल वाढली, त्यात खत विरघळलं, की मातीची वीजवहनता बदलते. आणि घरी आल्यावर कॉइलचं कव्हर काढून आतली काळी माती धुवा. तिथे अडकलेला चिखल कॉइलबरोबर फिरतो, सुकून हलायला लागला की खोटे आवाज देतो, आणि त्याच्यासाठी कुठलाही बॅलन्स बसत नाही.